पश्चिमेच्या गाडीचं तेलकट छत

टाचणीराव फक्त एक शब्द बदलणार होते. एकच. 'घोडे' खोडायचं आणि तिथे 'बैल' लिहायचं. एवढ्याशा कामापायी आपल्या बाल्कनीत अग्निशमन दलाचा पाईप येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. (बैलांच्या तर नव्हतंच.)

टाचणीराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते एका विमा कंपनीच्या कचेरीत नुकसानभरपाईचे अर्ज तपासत, आणि कुठेतरी टोचल्याशिवाय एकही अर्ज पुढे सोडत नसत. पाय प्लास्टरमध्ये घालून आलेल्या माणसाला त्यांनी एकदा विचारलं होतं, "इथे तुम्ही 'पाय घसरला' लिहिलंय आणि इथे 'पाय घसरून पडलो'. नक्की काय झालं?" त्या माणसाने कुबडी उचलली होती, असं शिपाई अजून सांगतो. तेव्हापासून कचेरीत ते टाचणीराव झाले. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं बूड एका जागी टिकत नसे. जेवताना ते दोनदा उठत, चहा उभ्याने पीत, आणि झोपेतही त्यांचा उजवा पाय कुठेतरी निघालेला असे.

त्या दिवशी दोघांना बाहेर जायचं होतं. बायको म्हणाली, "पाचच मिनिटं थांबा, ही दुमड मारते आणि निघू." ती घरी पडदे शिवून देई. तिच्या दुमडीची पाच मिनिटं किती लांब असतात हे टाचणीरावांना माहीत होतं. ते बूट घालून दारात उभे राहिले, मग खुर्चीत बसले, मग उठले, आणि शेवटी मोबाइल काढला.

आपल्या भाषेतला ऑनलाइन ज्ञानकोश त्यांनी सहज उघडला. लेख होता अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशावर: कापडी छताच्या गाड्यांचे तांडेच्या तांडे करून लोक पश्चिमेकडे वस्ती करायला गेले, त्याची हकिगत. त्यात लिहिलं होतं, 'या गाड्या घोडे ओढत.' टाचणीरावांनी कुठेतरी वाचलं होतं की लांबच्या वाटेला बहुतेक जण बैल जुंपत. झालं. बोटं शिवशिवली. खाली 'संपादन' असं बटण होतं. कुणीही यावं, दुरुस्त करावं, असा तिथला कारभार. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याच्या अर्जात चुका काढल्या, पण त्या स्वतः दुरुस्त करायची परवानगी कुणी दिली नव्हती. ती आज सगळ्या जगाने दिली!

त्यांनी 'बैल' लिहिलं. बायको आली. दोघं रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचले नाहीत तोच मोबाइल वाजला. बैल गेले होते, घोडे परत आले होते. खाली शेरा होता: 'कृपया संदर्भ द्या. – निवृत्त शेरीफ.'

"अहो, सिग्नल लागलाय. थांबा!" बायको ओरडली.

"कोण हा शेरीफ?" टाचणीराव रस्त्याच्या मधोमध उभे राहून म्हणाले.

हा शेरीफ म्हणजे दूरच्या कुठल्याशा गावातले भूगोलाचे निवृत्त मास्तर होते, हे नंतर कळलं. टाचणीरावांनी वाचनालयात जाऊन पुस्तक शोधलं, पान क्रमांकासह संदर्भ दिला, बैल कायमचे जुंपले गेले. पण तोवर टाचणीरावांना चटक लागली होती. पाठोपाठ एक नर्सबाई या कामात आल्या. त्यांनी तिथे 'रात्रपाळी' असं नाव घेतलं होतं. वाटेत तांड्यांना पटकीने कसं गाठलं, त्यावरचा भाग त्यांनी असा लिहिला की वाचून टाचणीराव दोन दिवस पाणी उकळून पीत होते. लेखाच्या पहिल्याच ओळीत 'ओसाड प्रदेश' असं होतं. नर्सबाईंनी विचारलं, "ओसाड कसला? तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहत होती. त्यांच्याच जमिनीवरून गाड्या गेल्या. त्यांना विचारलं होतं का कुणी?" यावर तिघांनी मिळून तो सगळा भाग नव्याने लिहिला. तो लिहिताना टाचणीराव सलग बराच वेळ एका जागी बसले. बायकोने येऊन कपाळाला हात लावून पाहिलं.

असं करता करता लेख चांगला बाळसं धरू लागला आणि 'निवडक लेख' म्हणून पहिल्या पानावर लावण्यासाठी मतदानाला गेला. तिथून घरातली शांतता संपली.

आता घरात आणखी एक व्यक्ती होती, ती म्हणजे सासूबाई. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्या लेकीकडे आल्या होत्या. दिवसभर काळा चष्मा लावून हॉलमध्ये बसत. डोळे झाकलेले असल्यामुळे सगळी ताकद कानांत आली होती. मतदानाच्या आदल्या सकाळी टाचणीराव बाल्कनीत येरझाऱ्या घालत शेरीफशी फोनवर बोलत होते, ते त्यांनी ऐकलं. त्यांना ऐकू आलं ते असं:

"त्या विधवेला तुम्ही का काढलंत? मी किती मेहनतीने आणली होती तिला!... हो, मुलं आहेत की. पाच. सगळी तिचीच... नाही हो, नवरा वाटेतच गेला... हे बघा, तिला माझ्यासाठी ठेवा. वर नको असेल तर खाली ठेवू. खाली कुणाचं लक्ष जात नाही."

विधवा एका तांड्यातली होती. 'खाली' म्हणजे पानाच्या तळाशी, तळटिपेत. पण सासूबाईंना लेखही ठाऊक नव्हता आणि तळटीपही. त्यांना एवढंच ठाऊक होतं की तळमजल्यावरचं घर रिकामं आहे.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "कुणाला आणताय?"

"बैल," टाचणीराव मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले.

"आणि ती बाई?"

"तीही बैलांबरोबरच आली. आता तिला कुठे टाकणार?"

सासूबाईंनी चष्मा नीट बसवला.

इकडे शेरीफने नवीनच फाटा फोडला होता. लेखात टाचणीरावांचं एक लाडकं वाक्य होतं: 'गाडीच्या छताच्या कापडाला जवसाचं तेल लावत, त्यामुळे पाणी आत झिरपत नसे.' शेरीफने लिहिलं, 'तेल लावत हे मान्य. पण झिरपत नसे कशावरून? थोडं झिरपत असेल.' नर्सबाईंनी लिहिलं, 'मलाही शंका आहे.' उद्या मतदान, आणि आज ही शंका! टाचणीरावांना बसवेना. ते स्वयंपाकघरात गेले, फ्रीज उघडला, बंद केला, परत हॉलमध्ये आले. वाद कशाला घालायचा? आपणच करून बघायचं. कापड घ्यायचं, तेल लावायचं, पाणी ओतायचं, फोटो काढायचा आणि शेरीफच्या तोंडावर मारायचा!

बायको पर्स घेऊन निघाली होती. दातांच्या डॉक्टरांच्या नव्या दवाखान्यासाठी ती मोठे पडदे शिवत होती; पहिला तयार झाला होता आणि उरलेल्या खिडकीचं माप घ्यायला ती चालली होती. इतकं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. ते मनासारखं झालं तर डॉक्टर ओळखीच्या आणखी दवाखान्यांची नावं देणार होते.

"अगं, जाडसर पांढरं कापड आहे का एखादं? जुनं?"

"खालच्या कप्प्यात उरलेला मांजरपाट आहे, तो घ्या. वरच्याला हात लावू नका. कळलं?"

टाचणीरावांच्या हातात त्याच वेळी मोबाइल थरथरला. त्यामुळे त्यांच्या कानात फक्त 'वरच्या' एवढंच पोचलं. बाकीचं 'कळलं' म्हणून सोडून दिलं.

वरच्या कप्प्यातलं कापड बघून ते खूशच झाले. जाड, पांढरंशुभ्र, कडेला सुंदर दुमड. बायको जुन्या कापडाचीही किती निगा राखते, असं त्यांच्या मनात आलं. (लग्नानंतर एवढ्या वर्षांनी त्यांनी बायकोचं मनापासून कौतुक केलं, तेही नेमकं याच वेळी.)

रंगाच्या दुकानातून ते उकळलेल्या जवसाच्या तेलाचा डबा घेऊन आले. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत सूचना होती. टाचणीरावांनी ती वाचली. बारीक अक्षरं वाचायची नाहीत तर विमा कंपनीत जन्म कशाला घालवला? सूचना अशी होती: 'तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास त्या आपोआप पेठ घेतात.'

'पेठ घेतात!' टाचणीराव एकटेच खदखदून हसले. ट ला ठ! चिंध्या काय पेठ घेणार? बुधवार पेठ की शनिवार पेठ? त्यांनी खिशातलं पेन काढून ठ वर काट मारली, वर ट लिहिलं, आणि डबा समाधानाने बाजूला ठेवला. शब्द दुरुस्त झाला. अर्थाकडे बघायचं राहून गेलं.

कपडे वाळत घालायचा स्टँड त्यांनी बाल्कनीच्या मधोमध उभा केला. हीच गाडी. त्यावर कापड ताणून बसवलं आणि जुन्या बनियनचे बोळे तेलात बुडवून ते कापड चोळचोळ चोळलं. पांढऱ्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं मधाच्या रंगाचं झालं. हात, कोपर आणि कपाळ तेलाने चमकू लागलं. तेलकट बोळे त्यांनी नीटनेटकेपणाने एकत्र कोंबून एका पुठ्ठ्याच्या खोक्यात भरले आणि खोकं कोपऱ्यात उन्हात ठेवलं. मग कापड वाळायची वाट बघत बसले. बसले म्हणजे आत गेले, बाहेर आले, कापडाला बोट लावलं, बोट शर्टाला पुसलं, परत आत गेले.

दरम्यान सासूबाईंनी लेकीला फोन लावला होता.

"अगं, तू लगेच घरी ये."

"काय झालं? डोळा दुखतोय?"

"माझा डोळा बरा आहे. तू तुझे उघड. जावईबापूंनी खालच्या घरात बाई आणून ठेवायचं ठरवलंय. पाच मुलं आहेत."

"काय?"

"आणि बैल."

बैल ऐकून बायकोला खरं तर समजायला हवं होतं. पण पाच मुलं ऐकल्यावर माणूस बैलांपर्यंत पोचत नाही. ती माप अर्धवट टाकून उठली. तिचा चेहरा बघून दातांचे डॉक्टर म्हणाले, "चला, मी गाडीने सोडतो. जाता जाता तयार झालेला पडदाही बघून घेईन."

दुपार कलली तेव्हा टाचणीरावांचा धीर संपला. त्यांनी बादली भरली, मोबाइल कठड्यावर उभा करून व्हिडिओ चालू केला आणि बादली छतावर रिकामी केली. खाली वाकून हात लावून पाहिलं. कोरडं! थेंबसुद्धा आत आला नव्हता. सगळं पाणी छतावरून सुळकन घसरून कठड्याखालून बाहेर गेलं होतं.

"झिरपत नाही!" टाचणीराव ओरडले. "शेरीफ, झिरपत नाही!"

"कोण आहे रे वर?" खालून आवाज आला. खालच्या बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत बसलेले इमारतीचे सेक्रेटरी डोक्यापासून पायापर्यंत निथळत होते. त्यांच्या टकलावर पाणी टिकत नव्हतं, तेलकट असल्यामुळे.

टाचणीराव माफी मागायला कठड्यावर वाकले तेव्हा मागून जळका वास आला. वळून बघतात तर कोपऱ्यातल्या खोक्यातून धूर! बोळ्यांनी पेठ घेतली होती. (म्हणजे पेट. या वेळी दुरुस्ती करायला पेन सापडेना.)

त्यांनी बादली उचलली. रिकामी. नळाकडे धावले, तर तेलकट हातात नळ फिरेना. परत आले तोवर खोक्यातून ज्वाळा निघाली होती. आग झाकली की विझते, हे त्यांना विम्याच्या माहितीपत्रकामुळे ठाऊक होतं. त्यांनी झाकायला हाताशी होतं ते ओढलं: तेल पाजलेलं, मधाच्या रंगाचं, मोठं थोरलं छत. ते त्यांनी आगीवर टाकलं.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

दार उघडलं तेव्हा बायकोला दिसलं ते असं: बाल्कनीत भडका, त्याच्यासमोर तेलाने न्हालेला नवरा रिकामी बादली आपटतोय, आणि मागून काळा चष्मा लावलेली आई धुण्याचा ओलाचिंब पिळा कवेत घेऊन चालली आहे. सासूबाईंनी नजर न लावता नुसत्या उष्णतेच्या अंदाजाने चादरी, टॉवेल, अंगरखे सगळं धपाधप आगीवर टाकलं. चर्र झालं. आग विझली. काळा धूर मात्र सगळ्या इमारतीला दिसला, आणि सेक्रेटरींनी फोन केल्यामुळे अग्निशमन दलही आलं. त्यांना विझवायला काही उरलं नव्हतं. पण आलोच आहोत तर म्हणून त्यांनी बाल्कनी धुऊन दिली.

"कुठे आहे ती?" बायकोने विचारलं.

"कोण?"

"ती विधवा!"

"तळटिपेत," टाचणीराव म्हणाले. "शेरीफने काढली होती. मी परत घातली."

दातांचे डॉक्टर बाल्कनीच्या दारात उभे होते. जळक्या ढिगातून कापडाचं एक टोक बाहेर आलं होतं. त्यावर अजून सुबक दुमड दिसत होती.

"ताई," ते सौम्यपणे म्हणाले, "हा माझाच पडदा ना?"

बायको खुर्चीत बसली आणि तिने ओंजळीत तोंड झाकलं. ती रडत नव्हती, पण रडली असती तर टाचणीरावांना बरं वाटलं असतं. त्यांना एकदम उमगलं की आपण दिवसभर कुठल्या तरी लांबच्या, कधीच्या माणसांच्या गाडीचं छत सांभाळत होतो, आणि हिच्या इतक्या दिवसांच्या मेहनतीला आपल्याच हाताने तेल लावलं. त्यांना खूप काही बोलायचं होतं. ते म्हणाले, "मी शिवतो."

"तुम्हाला सुईत दोरा ओवता येतो का?"

"शिकेन."

डॉक्टर भला माणूस. तो म्हणाला, "मला घाई नाही. दवाखान्याची फरशीच अजून बसायची आहे. आणि ताई, तुमचं काम मी पाहिलंय. तुमच्या नवऱ्याचंही आज पाहिलं, पण त्याचा तुमच्या कामाशी काय संबंध?"

दुसऱ्या दिवशी टाचणीरावांनी कचेरीतून रजा घेतली. बायको मशीनवर बसली आणि त्यांना खाली जमिनीवर बसवून कडेची तुरपाई दिली. मोबाइल सासूबाईंच्या पदराखाली ठेवला होता. तिकडे मतदान चालू होतं. पदर थरथरला की टाचणीराव थरथरत.

"जावईबापू, टाके मोठे पडताहेत."

"तुम्हाला दिसत नाही, मग कसं कळलं?"

"दोरा ओढल्याचा आवाज लांब येतोय."

बोटं टोचून टोचून त्यांची चाळण झाली. (टाचणीने जन्मात पहिल्यांदा स्वतःला टोचलं.) पण संध्याकाळपर्यंत एक कड पुरी झाली, आणि बायकोने ती उजेडात धरून बघितली. "वाईट नाही," ती म्हणाली. मग तिने त्यातले निम्मे टाके उसवले. पण उसवताना ती हसली, आणि त्या हसण्यापायी टाचणीरावांनी उरलेले निम्मेही आनंदाने उसवून दिले असते.

मोबाइल परत मिळाला तेव्हा लेख निवडला गेला होता. पहिल्या पानावर झळकत होता. टाचणीरावांचं झिरपण्याचं वाक्य मात्र उडालं होतं. त्यांनी घाईघाईने व्हिडिओ पाठवला. शेरीफने उत्तर दिलं, 'प्रयोग उत्तम. पण संपादकाने घरी केलेलं संशोधन इथे चालत नाही. छापून आलेलं हवं.'

छापून मात्र आलं होतं. गावातल्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बातमी होती: 'तेलकट चिंध्यांनी पेट घेतला, अडुसष्ट वर्षांच्या वृद्धाचा पोरकटपणा.' टाचणीराव एक्कावन्न वर्षांचे होते. नाव छापलं नव्हतं, एवढंच काय ते नशीब. ही बातमी कुठून तरी नर्सबाईंच्या नजरेला पडली. वृद्ध कोण याची त्या बिचारीला काय कल्पना! तिने जवसाच्या तेलावरच्या लेखात 'धोके' असा नवा भाग उघडला आणि लोकांच्या भल्यासाठी लिहिलं: 'सूचना न वाचल्यामुळे एका अडुसष्ट वर्षीय वृद्धाच्या बाल्कनीत आग लागली.' पुढे बातमीचा चोख संदर्भ.

टाचणीरावांनी ते वाचलं आणि ते ताडकन उठले. बाकी सगळं सहन केलं असतं, पण अडुसष्ट? त्यांनी आकडा खोडून एक्कावन्न लिहिलं, 'वृद्ध' काढून 'गृहस्थ' केलं, आणि 'न वाचल्यामुळे' च्या जागी 'वाचूनही' घातलं. चहाचा कप अजून ओठाला लागला नव्हता तोच सगळं पुन्हा होतं तसं झालं. मग मात्र त्यांनी लाज सोडली आणि चर्चेच्या पानावर लिहिलं, 'अहो, तो वृद्ध मीच आहे! माझं वय मला माहीत असणार ना?'

शेरीफचं उत्तर लगेच आलं. बायकोने खांद्यावरून वाकून ते मोठ्याने वाचलं, आईला नीट ऐकू जावं म्हणून: "'आपल्याबद्दल सहानुभूती आहे. पण आपण स्वतः हा विश्वासार्ह संदर्भ धरता येत नाही.'"

सासूबाईंनी मान डोलावली.

"हेच मी लग्न झाल्यापासून सांगतेय," बायको म्हणाली, "पण माझ्याकडे छापील काही नव्हतं."